ही अळी कोणती?



पेनगंगेच्या या तीरावर असो की त्या तीरावर, आपल्या भागात कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. मराठीत आपण त्याला 'औषध' म्हणतो. तेलुगू बोलणारे आपले शेजारी 'मंदू' म्हणतात, त्याचाही अर्थ औषधच. पानावर अळी दिसली की पहिले वाक्य निघते, "औषध मारा लागते." ही अळी कोणती, ती काय खाते, औषध तिच्यापर्यंत पोहोचणार आहे का, हे प्रश्न नंतर येतात. पुष्कळदा येतच नाहीत. आज त्या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल लिहिते आहे, कारण तो न विचारल्याची किंमत आपल्याच प्रार्थनेला येणारी माणसे मोजत असतात.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका धर्मग्रामात मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. कीटकशास्त्र मी कॉलेजात शिकलेली नाही. पण वर्गातली बहुतेक मुले शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. जून लागला की त्यांच्या खिशातून, काडेपेटीतून, पाण्याच्या बाटलीतून अळ्या वर्गात येतात. "ताई, हे कोन्ती अळी व्हय?" हा प्रश्न मला दर पावसाळ्यात इतक्या वेळा विचारला गेला की शेवटी आम्ही एक वही केली. वहीत पाच रकाने आहेत: तारीख, कोणत्या झाडावर सापडली, दिसायला कशी, काय खाल्ले, आणि पुढे तिचे काय झाले.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव एकेक प्राणी माणसासमोर आणतो आणि माणूस त्याला काय नाव देतो ते पाहतो (उत्पत्ती २:१९-२०). वही सुरू केली त्या दिवशी मी मुलांना हा भाग वाचून दाखवला. प्राणी समोर येतो, माणूस त्याला पाहतो, आणि मग नाव देतो. हा क्रम मुलांच्या लगेच लक्षात आला.

आधी पाहायचे कसे, ते सांगते. पतंगाची असो की फुलपाखराची, अळीला डोक्यामागे खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात. त्यामागे पोटाखाली मांसल, गुबगुबीत पाय असतात, त्यांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या. पाचाहून जास्त भरल्या तर तो जीव पतंगाचाही नाही आणि फुलपाखराचाही नाही. मोहरीवर आणि मुळ्यावर येणारी काळपट अळी अशी आहे. तिची आई माशीसारखी दिसणारी, गांधीलमाशीच्या गोतातली असते. उलट पोटाखालचे पाय कमी असले तर अळी चालताना पाठीची कमान करते, तिला आपण उंटअळी म्हणतो. एरंडीच्या पानावर ती हमखास दिसते. अंगावर दाट केस असले तर मराठीत 'सुरवंट'. तेलुगूत अळीला 'गोंगळी पुरुगू' म्हणतात. गोंगळी म्हणजे आपली घोंगडी. घोंगडी पांघरलेला किडा! दोन्ही भाषांतल्या जुन्या माणसांनी पाहूनच नावे ठेवली आहेत. दाट केसाळ अळी बहुतेक वेळा पतंगाची निघते.

रंगावर मात्र फार विसंबू नये. एकच अळी लहानपणी एका रंगाची, मोठेपणी दुसऱ्या रंगाची असते. म्हणून वहीतला दुसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा: ती कोणत्या झाडावर सापडली? बहुतेक अळ्या ठरावीक झाडांची पानेच खातात. झाड कळले की निम्मी ओळख पटते.

ही रीत आज आपल्याला साधी वाटते, पण ती कोणीतरी जन्मभर खपून रुजवली आहे. मारिया सिबिला मेरियन ही १६४७ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये जन्मलेली चित्रकार. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली. किडे चिखलातून, कुजक्या पदार्थातून आपोआप निपजतात असे तेव्हा पुष्कळ लोक मानत. मारियाने अळ्या घरी आणल्या, वाढवल्या, आणि १६७९ मध्ये अळ्यांच्या रूपांतरावर पुस्तक छापले. त्यात अळी, कोष आणि पतंग एकाच चित्रात, आणि सोबत त्या अळीचे खाण्याचे झाड. ती श्रद्धाळू ख्रिस्ती बाई होती. काही वर्षे ती नेदरलँड्समधल्या वीउवर्ड येथे एका भक्तिमार्गी ख्रिस्ती समुदायात राहिली. १६९९ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, ती तिथल्या अळ्या पाहायला. एखाद्या बरणीतून पतंगाऐवजी माशा निघाल्या, तर तेही तिने लपवले नाही, चितारून ठेवले.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. आदिलाबाद म्हणजे सागाचे जंगल. पाऊस सुरू झाल्यावर सागाची कोवळी पाने खाल्लेली दिसतात, आणि पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात अख्खे झाड जाळी झाल्यासारखे दिसते. दुरून दोन्हींचा अर्थ एकच, 'सागाले अळी लागली.' पण पान हातात घेतले की कळते, या दोन वेगळ्या अळ्या आहेत. पहिली, हायब्लिया प्युएरा, पानाची कड कापून घडी घालते, त्या घडीत लपते, आणि मोठ्या शिरा सोडून बाकीचे पान संपवते. दुसरी शिरांमधला हिरवा गर तेवढा खाते, बारीक शिरांना तोंड लावत नाही. तिने खाल्लेले पान लेसच्या कापडासारखे दिसते. अळी निघून गेली तरी पानावरून ती कोण होती ते सांगता येते. झाडे त्यांच्या फळांवरून ओळखावीत असे प्रभूने सांगितले (मत्तय ७:१६-२०). अळीची ओळखही ती मागे काय ठेवून जाते त्यावरून पटते.

साग या दोघींमुळे सहसा मरत नाही, पुन्हा पालवतो. कापसाचे तसे नाही, आणि आपल्या घराघरातली चूल कापसावर पेटते. म्हणून आता शेतात येऊ.

पऱ्हाटीच्या बोंडात शिरणाऱ्या मुख्य अळ्या तीन. ठिपक्यांची बोंडअळी पीक लहान असताना कोवळा शेंडा पोखरते, शेंडा मान टाकतो. हिरवी बोंडअळी बोंडाला गोल, मोठे छिद्र पाडते, तोंड आत आणि अर्धे अंग बाहेर ठेवून खाते, छिद्राबाहेर विष्ठा दिसते. नाव हिरवी असले तरी ती तपकिरी, पिवळसर अशी कोणत्याही रंगाची असू शकते. हीच अळी हरभऱ्यात आली की आपण तिला घाटेअळी म्हणतो, तुरीत आली की शेंगा पोखरणारी अळी. किडा एक, नावे तीन.

तिसरी गुलाबी बोंडअळी. तिचे शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये गुजरातच्या भडोचहून पाठवलेल्या नमुन्यांवरून झाले. तिच्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी: लहानपणी ती गुलाबी नसते. पांढुरकी असते, डोके तेवढे तपकिरी. गुलाबी रंग मोठेपणी चढतो. अंड्यातून निघाल्यावर ती लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते, आणि तिने पाडलेले बारीक छिद्र बोंड वाढता वाढता बुजून जाते. बाहेरून बोंड चांगले, आत सरकी पोखरलेली. फुलात शिरली असेल तर पाकळ्या रेशमी धाग्याने बांधल्या जातात, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते. त्याला आपण डोमकळी म्हणतो. डोमकळी दिसली की ती तोडून नष्ट करायची, इतके सोपे काम पहाटे एखादे लहान मूलही करू शकते.

२००२ मध्ये आपल्या देशात बीटी कापूस आला, २००६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला जुमानेनाशी झाली. एकदा ती बोंडाच्या आत गेली की वरून मारलेले विष तिच्यापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. म्हणून शास्त्रज्ञ सांगतात की आधी मोजा. शेतात कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर पुढचा विचार करा. किंवा शेतात फिरून वीस हिरवी बोंडे तोडा, फोडून पाहा. वीसपैकी दोनांत अळी किंवा तिचे नुकसान दिसले, तर उपायाची वेळ झाली. वीस बोंडे फोडायला अर्धा तास लागतो.

तो अर्धा तास नसला तर काय होते, ते आपण नदीपलीकडे पाहिले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, फवारा अंगावरच येत होता. अनेक विषे एकत्र कालवली जात होती. हातमोजे, तोंडाला काही नाही. आपल्यापैकी कित्येकांचे मामा, आत्या, सासर-माहेर त्या जिल्ह्यात आहे. ती बातमी आपल्याला परक्या गावची नव्हती.

आणि ती तिथेच राहिली असेही नाही. मागे एका सप्टेंबरात आमच्या उपकेंद्रातला एक भाऊ रविवारी मिस्साला आला, पण आत आला नाही. बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिला. डोळे लाल, हाताची कातडी भाजल्यासारखी, पोटात मळमळ. आदल्या दिवशी त्याने रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात दिवसभर फवारणी केली होती. दुकानदाराने सांगितले म्हणून दोन औषधे एकत्र कालवली होती. त्याला लगेच दवाखान्यात नेले. देवाच्या दयेने आठवड्यात तो बरा झाला. भेटायला गेल्यावर मी त्याला विचारले, "भाऊ, फवारणी कोणत्या अळीसाठी होती?" तो म्हणाला, "ताई, अळी कोन्ती ते मालकाले मालूम. मले फक्त पंप मालूम."

मालकही आपलाच, प्रार्थनेला येणारा. त्यालाही मी तेच विचारले. पाने खाल्लेली दिसली, सगळीकडे गुलाबी बोंडअळीची चर्चा होती, म्हणून फवारले, असे तो म्हणाला. त्याच आठवड्यात तो स्वतः मोठ्या मुलांना घेऊन धुऱ्यावर गेला. फवारणी न झालेल्या कोपऱ्यातली वीस बोंडे त्याने मुलांसमोर फोडली. एका बोंडात गुलाबी बोंडअळी निघाली. पाने खाणारी होती वेगळीच, आपण जिला तंबाखूवरची अळी म्हणतो ती. तिची मादी पानाखाली पुंजक्याने अंडी घालते आणि वर केसांचे आवरण पसरते. पिल्ले सुरुवातीला एकाच पानावर घोळक्याने राहतात. तेवढी पाने तोडून मातीत पुरली असती तरी पुष्कळ काम झाले असते. मालक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुढच्या साली आधी बोंडं फोडू, मग पाहू."

मला त्या मालकाला दोष द्यायचा नाही. पीक गेले तर कर्ज त्याच्या अंगावर, आणि भीती वाटली की माणूस हाताशी असेल ते करतो. पण त्या भीतीचे ओझे कोणी वाहिले? पंप ज्याच्या पाठीवर होता त्याने. शेजाऱ्यावर प्रीती करा असे आपण मुलांना शिकवतो. सप्टेंबर महिन्यात, कापसाच्या मुलखात, त्या प्रीतीचे एक रूप म्हणजे मजुराला शेतात पाठवण्याआधी वीस बोंडे फोडून पाहणे.

भीतीची आणखी एक गोष्ट. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात महाराष्ट्रात 'घोणस अळी'ची मोठी घबराट उडाली. बीडकडे काही शेतकऱ्यांना बांधावरच्या गवतात, उसात काटेरी अळीचा स्पर्श झाला, तीव्र वेदना झाल्या, काहींना दवाखान्यात न्यावे लागले. मग मोबाईलवरून संदेश फिरले की ही अळी सापासारखी विषारी आहे, माणूस मरतो. नावातच घोणस! लोक शेतात जायला घाबरू लागले. कृषी शास्त्रज्ञांना पुढे येऊन सांगावे लागले की ही एका पतंगाची काटेरी अळी आहे. तिचे काटे टोचून आग होते, काहींना जास्त त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांकडे जावे. लागलेल्या जागी चिकटपट्टी लावून काटे काढावेत, बर्फ लावावा. ती माणसाच्या मागे लागत नाही. ओळख पटली तशी घबराट ओसरली.

आमच्या चर्चच्या कुंपणाला कण्हेर आहे. तिच्यावर एकदा बोटाहून जाड हिरवी अळी सापडली. डोक्याजवळ दोन मोठे निळे डोळे, मागे शेपटीसारखे शिंग. एक आजी म्हणाल्या, "नागाचं पिल्लू हाय, चपलेनं ठेचा." मुलांनी वही काढली. झाड: कण्हेर. डोळे: खोटे, नुसते ठिपके, पक्ष्यांना भिववायला. खरे डोळे इतके बारीक की शोधावे लागतात. ती कण्हेरीवरच्या मोठ्या पतंगाची अळी होती, डॅफनिस नेरी. कण्हेर माणसाला विषारी, म्हणून पाने हाताळल्यावर हात धुवायचे, एवढी एक काळजी घेतली. बरणीत पाने दिली, तळाशी माती आणि पालापाचोळा घातला. काही दिवसांनी अळी तपकिरी पडली, मुलांना वाटले मेली. ती पाचोळ्यात शिरून कोष झाली. पुढे दोनेक आठवड्यांनी एका सकाळी बरणीत हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग बसला होता. त्याच आजी त्याला पाहायला दोनदा आल्या.

वहीतला शेवटचा रकाना असा भरतो. अळीची पक्की ओळख तिला वाढवल्यावरच होते. आपल्या मराठी मुलखात हे काम मोठ्या निष्ठेने झाले आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्याला झाला. वडील स्कॉटिश मिशनरी. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासह ज्या आठ जणांनी १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू केली, त्यांतले ते एक. नोकरी मीठ आणि जकात खात्यात. कारवारला असताना त्यांची गाठ वनखात्यातले टी. आर. बेल यांच्याशी पडली. हे लोक जंगलातून अळ्या आणून घरी वाढवत, कोणती अळी कोणते झाड खाते आणि तिचे पुढे काय होते, ते लिहून ठेवत. बेल यांनी निवृत्तीनंतरही कारवार सोडले नाही. आमच्या कण्हेरीवरच्या पतंगाचे जे कूळ, त्यावरचा त्यांचा ग्रंथ, मेजर स्कॉट यांच्यासह लिहिलेला, १९३७ मध्ये निघाला. त्यातली माहिती अशाच बरण्यांतून आलेली आहे.

बरणीतून दरवेळी पतंगच निघतो असे नाही. एकदा मुलांनी आणलेल्या अळीच्या अंगावर तांदळाच्या दाण्यांएवढे पांढरे पुंजके दिसू लागले. सगळी म्हणाली, "अंडी घातली!" अळी अंडी घालत नाही, अंडी पतंग घालतो. ते पुंजके म्हणजे बारीक गांधीलमाशांचे कोष होते. त्या माशीने अळीच्या अंगात अंडी घातली, पिल्ले आतून अळी खाऊन वाढली, आणि बाहेर येऊन कोष विणले. अळी मेली, बारीक माश्या उडाल्या. लहान मुली रडल्या. पण एका शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "ताई, म्हंजे या माश्या आपल्यासाठी फुकटात फवारणी करतात." बरोबर आहे. पिकात अशा कितीतरी बारीक माश्या असतात. अंदाधुंद औषध मारले की अळीबरोबर त्याही मरतात.

इथे मला निदणाचा दाखला आठवतो (मत्तय १३:२४-३०). चाकर निदण उपटायला निघतात. धनी त्यांना थांबवतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. दाखल्याचा अर्थ जगाच्या शेवटाच्या न्यायाबद्दल आहे, तो शेतीचा सल्ला नाही, हे धर्मशिक्षिका म्हणून मला सांगितलेच पाहिजे. शेतात काही वेळा थांबून चालतही नाही. वीसपैकी दोन बोंडे किडकी निघाली तर तो शेतकरी कापणीपर्यंत वाट पाहू शकत नाही. पण दाखल्यातल्या धन्याला आपल्या शेतात काय काय उगवले आहे ते माहीत होते. कुठे थांबायचे आणि कुठे हात चालवायचा, हे ज्याने नीट पाहिले त्यालाच ठरवता येते.

पवित्र शास्त्र या बारीक जिवांकडे दुर्लक्ष करत नाही. योएलच्या पहिल्याच अध्यायात पीक खाणाऱ्या जिवांसाठी मूळ हिब्रूत चार वेगळे शब्द आहेत (योएल १:४). आणि पृथ्वीवर धन साठवू नका असे सांगताना प्रभूने 'कसर' सांगितली (मत्तय ६:१९). लोकरीचे कापड जो खातो तो उडणारा पतंग नसतो. मोठ्या पतंगाला खायला तोंडच धड नसते. खाते ती त्याची बारीक अळी, पेटीच्या तळाशी, अंधारात, महिनोन्महिने. आपण उडणाऱ्याच्या मागे टाळ्या वाजवत धावतो आणि पेटी उघडून पाहत नाही. गुलाबी बोंडअळीचेही तेच, आणि मनातल्या पापाचेही पुष्कळदा तेच.

सगळ्याच अळ्या खाऊन जातात असेही नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले चेन्नूर, जे २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात आहे, आणि गडचिरोलीतले आरमोरी इथे टसरच्या अळ्यांवर कित्येक घरे चालतात. ऐनाच्या, अर्जुनाच्या झाडावर मोठ्या हिरव्या अळ्या सोडतात, पक्षी आणि मुंग्यांपासून दिवसभर राखण करतात, आणि कोषांचे रेशीम होते. तीही पतंगाचीच अळी, पान खाणारी. एका घरी अळी दिसली की पंप काढतात, दुसऱ्या घरी तिची राखण करतात, आणि दोन्ही घरे आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

तो भाऊ अजून फवारणीला जातो. रोजंदारी त्याला सोडता येत नाही. आता त्याच्याकडे हातमोजे, चष्मा आणि तोंडाला बांधायचा रुमाल आहे, आणि तो निघण्याआधी मालकाला विचारतो, "बोंडं फोडली का?" काही मालकांना हा प्रश्न आवडत नाही. काही जण मात्र त्याच्यासोबत शेतात उतरतात.

बंधुभगिनींनो, या हंगामात आपल्या प्रत्येक धर्मग्रामात एवढे करता येईल. मुलांना एक वही द्या. केसाळ, काटेरी अळीला उघडा हात लावू नका, काडीने पानासकट उचला. फवारणीआधी वीस बोंडे फोडा. दोन औषधे एकत्र कालवू नका. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, आणि उपाशीपोटी कोणाला फवारणीला पाठवू नका. आणि अळी ओळखता आली नाही, तर पान आणि अळी घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. विचारायला पैसे लागत नाहीत.

हे प्रभू, तू निर्माण केलेल्या लहानात लहान जिवाकडे नीट पाहण्याचा धीर आम्हाला दे. आमच्या घाईचे ओझे गरिबाच्या पाठीवर जाऊ देऊ नकोस. आज जे शेतात फवारणी करत आहेत त्यांचे डोळे, त्यांचा श्वास सांभाळ, आणि संध्याकाळी त्यांना सुखरूप घरी आण. आमेन.